सोर्स कोडमधल्या सुरक्षेच्या त्रुटी कशा शोधायच्या: कोल्हापुरातल्या नव्या डेव्हलपरांसाठी

राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात कामाला लागलं की हाती नवा कोरा प्रोजेक्ट क्वचितच येतो. येतो तो एखाद्या पतसंस्थेचा, दूध संस्थेचा, नाहीतर शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचा, वर्षानुवर्षं ठिगळं लावत चालवलेला कोड. मूळ लिहिणारे केव्हाच पुण्याला गेलेले, कागदावर काही नाही, आणि ग्राहक विचारतो, "आमचं सॉफ्टवेअर सेफ आहे न्हवं?" या प्रश्नाला अंदाजानं "हो" म्हणू नका. उत्तर शोधायची रीत पुढे दिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्कॅनर (कोड आपोआप वाचून संशयास्पद ओळी दाखवणारं साधन) चालवायला दहा मिनिटं पुरतात आणि तो देतो ती फक्त संशयितांची यादी. त्यातली एकेक नोंद कोडमध्ये जाऊन वाचणं, खरी कुठली आणि खोटी कुठली हे ठरवणं, आणि स्कॅनरला जे दिसतच नाही ते स्वतः हुडकणं, यातच सगळा वेळ जातो. म्हणून या लेखात सहाव्या आणि सातव्या पायरीला जास्त जागा दिली आहे. बाकीच्या पायऱ्या तिथवर नीट पोचण्यासाठी.

खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी हे जमवा

- ग्राहकाचं किंवा ऑफिसच्या प्रमुखांचं लेखी परवानगीपत्र
- कोडची पूर्ण प्रत, आणि सर्व्हरवर आज चालू असलेल्या फोल्डरची वेगळी प्रत (या दोन्ही बऱ्याचदा जुळत नाहीत)
- डेटाबेसची रचना आणि सगळ्या स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम). खरा डेटा नको
- किमान ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. सोनारक्यूब किंवा कोडक्यूएल हे जड स्कॅनर चालवणार असाल तर १६ जीबी
- गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन), पायथन, आणि विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय)
- नोंदवहीसाठी एक एक्सेल शीट

पायरी १: परवानगी लेखी घ्या

कोड आपल्याच ऑफिसचा असला तरी त्यातून चालणारं काम ग्राहकाचं असतं. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कुठला कोड तपासणार, तो कुठल्या मशीनवर राहणार, आणि अहवाल कुणाला देणार. कोड वाचण्याची परवानगी म्हणजे चालू वेबसाइटवर हल्ला करून बघण्याची परवानगी नव्हे. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं, हेतू कितीही चांगला असो; हेतू अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा असेल तर कलम ६६ ही लागतं. एखादी त्रुटी खरी आहे का हे पडताळायचं असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर, खोट्या डेटावर पडताळा.

कोडच्या फोल्डरमध्ये डेटाबेसचा बॅकअप पडलेला असतो, हमखास. त्यात सभासदांचे आधार आणि पॅन क्रमांक असतात. तो आधी बाजूला काढा आणि ग्राहकाला कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कारणानं ग्राहकाचा कोड कुठल्याही ऑनलाइन तपासणी साइटवर किंवा चॅटबॉटमध्ये चिकटवू नका.

पायरी २: कोड गोठवा

"फायनल", "फायनल२", "नवीन फायनल मार्चनंतर" असे फोल्डर असतील तर आधी सर्व्हरवरचा कोड प्रमाण माना, त्याच्या प्रतीत गिट इनिट करा, आणि एक हात न लावलेला कमिट (त्या क्षणीच्या कोडची नोंद) टाका. पुढच्या सगळ्या नोंदी या कमिटच्या ओळ क्रमांकांवर राहतील. हे न करता तपासणी सुरू केली आणि मध्येच कुणी फाइल बदलली, तर यादीतली ४१२ वी ओळ दुसरंच काही दाखवायला लागते.

पायरी ३: उघडे पासवर्ड आणि एपीआय की

सुरुवात इथून करा, कारण इथे खोट्या नोंदी ओळखणं सोपं असतं आणि धोका लगेचचा असतो. गिटलीक्स हे फुकट साधन वापरा. "गिटलीक्स गिट" ही आज्ञा कमिटचा सगळा इतिहास चाळते, "गिटलीक्स डिर" फक्त फोल्डर चाळते. गिटचा जुना इतिहास असेल तर दोन्ही चालवा. सोबत "--रिडॅक्ट" लावा, नाहीतर अहवालातच सगळे पासवर्ड छापून येतात आणि तो अहवाल मग व्हॉट्सॲपवर फिरतो.

गिटलीक्स मुख्यतः ओळखीच्या साच्यातल्या की आणि विस्कळीत दिसणाऱ्या लांब अक्षरमाळा पकडतं. संस्थेचं नाव आणि पुढे १२३ असा साधा पासवर्ड त्याच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून कनेक्शन स्ट्रिंग, "पासवर्ड", "पीडब्ल्यूडी", "एसए" हे शब्द ग्रेपनं (फाइलींत शब्द शोधणारी आज्ञा) हातानंही शोधा. एसक्यूएल सर्व्हरचं एसए, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं थेट कोडमध्ये लिहिलेलं सापडणं जुन्या विंडोज सॉफ्टवेअरमध्ये नवलाचं नाही. एसएमएस गेटवे आणि पेमेंट गेटवेच्या की पण इथेच सापडतात.

सापडलं की क्रम चुकवू नका: आधी तो पासवर्ड बदला, मग कोडमधून काढून एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये (सेटिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये) न्या, आणि ती फाइल वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा. नुसती ओळ खोडून नवा कमिट टाकला तर जुना पासवर्ड इतिहासात जसाच्या तसा राहतो.

पायरी ४: भाषेला साजेसा स्कॅनर निवडा

पीएचपीसाठी सेमग्रेपनं सुरुवात करा: "सेमग्रेप स्कॅन --कॉन्फिग पी/पीएचपी --मेट्रिक्स ऑफ". बऱ्याच ठिकाणी "--कॉन्फिग ऑटो" लिहिलेलं दिसेल. त्यात वापराची माहिती बाहेर पाठवणं चालू ठेवावंच लागतं, म्हणून ग्राहकाच्या कोडसाठी नियमसंचाचं नाव (इथे पी/पीएचपी) स्वतः द्या.

सेमग्रेपच्या फुकट आवृत्तीची मर्यादा ध्यानात ठेवा. ती माहितीचा माग एका फंक्शनच्या आतच घेते. एका फाइलमध्ये आलेलं इनपुट दुसऱ्या फाइलमधल्या क्वेरीत गेलं तर तिला ते कळत नाही, आणि जुन्या पीएचपीत तर हेच सगळीकडे असतं: सगळ्या क्वेरी एका "फंक्शन्स" फाइलमध्ये आणि इनपुट पन्नास पानांवर. म्हणून जोडीला साम (स्पेलिंग पी-एस-ए-एल-एम) हे साधन "--टेंट-ॲनालिसिस" लावून चालवा. ते फाइल ओलांडून माग काढतं. जुन्या कोडवर त्याची मांडणी करायला वेळ लागतो, पण तो वेळ वसूल होतो.

पायथनला बँडिट: "बँडिट -आर . -एलएल" म्हणजे मध्यम आणि त्यावरच्या तीव्रतेच्याच नोंदी. जावाला स्पॉटबग्ज आणि त्यावर फाइंड सिक्युरिटी बग्ज हा प्लगइन. सी आणि सी प्लस प्लसला फ्लॉफाइंडर आणि सीपीपीचेक. अँड्रॉइड ॲपला मॉबएसएफ.

सी शार्प आणि व्हीबी डॉट नेटसाठी मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ॲनालायझर आहेत. प्रोजेक्ट फाइलमध्ये "ॲनालिसिसमोडसिक्युरिटी" हे "ऑल" करा. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टला नेटॲनालायझर्स हे नुगेट पॅकेज जोडा. सीए२१०० हा नियम जोडून बनवलेल्या एसक्यूएल क्वेरी दाखवतो आणि तो आपोआप चालू नसतो, हे विसरू नका. कोडक्यूएल सी शार्प वाचतं, पण व्हीबी डॉट नेट आणि पीएचपी वाचत नाही. सोनारक्यूबची फुकट आवृत्ती व्हीबी डॉट नेट वाचते, मात्र इनपुटपासून क्वेरीपर्यंतचा माग काढणं तिच्या पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीतच मिळतं.

व्हीबी ६ चा कोड यातलं कुठलंच फुकट साधन वाचत नाही. तिथे ग्रेप आणि आपले डोळे. "एक्झिक्यूट" आणि "ओपन" या शब्दांपाशी थांबा आणि क्वेरी "&" नं जोडली आहे का ते बघा.

पायरी ५: स्कॅनर खरंच वाचतोय का, हे तपासा

शून्य नोंदी आल्या की नवखी माणसं खूश होतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की फाइली वाचल्याच गेल्या नाहीत. सेमग्रेप गिटइग्नोरमधल्या फाइली सोडतं, साधारण १ एमबीहून मोठ्या फाइली सोडतं, आणि वेंडर, नोड मॉड्यूल्स, टेस्ट असे फोल्डर सोडतं. "टेस्ट" नावाच्या फोल्डरमध्ये चालू कोड ठेवणारी ऑफिसं आहेत. शेवटी किती फाइली वाचल्या तो आकडा छापून येतो. तो फोल्डरमधल्या फाइलींच्या संख्येशी ताडून बघा.

जुन्या पीएचपीत ".इंक" एक्स्टेन्शनच्या फाइली असतात. स्कॅनर त्यांना पीएचपी म्हणून ओळखेलच असं नाही. शिवाय सर्व्हरही त्या पीएचपी म्हणून न चालवता ब्राउझरला साधा मजकूर म्हणून देऊ शकतो, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल पत्ता टाकून कुणीही वाचावी. अशा फाइलींचं नाव आधी बदला, मग स्कॅन करा.

खात्रीचा उपाय म्हणजे मुद्दाम एक वाईट फाइल लिहा: पत्त्यातून आलेलं पॅरामीटर थेट शेल एक्झेकला (सर्व्हरवर आज्ञा चालवणारं पीएचपी फंक्शन) द्या. स्कॅनरनं ती दाखवली तर तो वाचतोय. मग ती फाइल लगेच काढून टाका. आधी हात बसवायचा असेल तर डीव्हीडब्ल्यूए हा मुद्दाम कच्चा ठेवलेला पीएचपी प्रकल्प लॅपटॉपवर, फक्त लोकलहोस्टवर चालवा आणि त्यावर स्कॅनर फिरवा.

पायरी ६: यादी वाचा

जुन्या कोडवर पहिल्या स्कॅनला शेकड्यांनी नोंदी येतात. वरून खाली वाचत सुटू नका. आधी तीन ढीग करा: लॉगिन न करता उघडणारी पानं, लॉगिननंतरची पानं, आणि फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर चालणारी. याच क्रमानं वाचा. तिसऱ्या ढिगाबद्दल एक इशारा: फौंड्रीचा ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) "आतल्या आत" चालतो असं सांगितलं जातं, पण मालकांना घरून हीट (भट्टीची एक खेप) आणि डिस्पॅचचा रिपोर्ट बघता यावा म्हणून राऊटरवर पोर्ट उघडलेला असतो. राऊटरची सेटिंग बघितल्याशिवाय कुठलंही पान आतलं मानू नका.

प्रत्येक नोंदीला चार प्रश्न विचारा. माहिती येते कुठून? पोचते कुठे: क्वेरीत, पानावर, फाइलच्या नावात की शेलमध्ये? मधे तिला कोण अडवतं? आणि ते अडवणं त्या जागेला लागू पडतं का? शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त माणसं चुकतात. म्हणून एक नोंद जवळून बघू.

पतसंस्थेच्या पासबुकाचं पान. पत्त्यातून खाते क्रमांक येतो. तो मायएसक्यूएलआय रिअल एस्केप स्ट्रिंगमधून जातो आणि क्वेरीत "व्हेअर खाते_क्र =" च्या पुढे चिकटवला जातो, अवतरणचिन्हांशिवाय, कारण तो आकडा आहे. सेमग्रेप सीडब्ल्यूई-८९ (सीडब्ल्यूई म्हणजे त्रुटींच्या प्रकारांची क्रमांकवार यादी), म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन (इनपुटमधून क्वेरीच बदलणं), अशी नोंद देतो. नवखा माणूस म्हणतो, "एस्केप केलंय की," आणि नोंद खोटी ठरवतो. नोंद खरी आहे. ते फंक्शन अवतरणचिन्हं आणि बॅकस्लॅशसारखी ठरावीक अक्षरं निष्प्रभ करतं. पण "१ ऑर १=१" या मजकुरात असं एकही अक्षर नाही. तो जसाच्या तसा क्वेरीत उतरतो आणि सगळ्या सभासदांची खाती समोर येतात. उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आधी ठरवून किंमत वेगळी देणं), आणि खाते क्रमांक इंटिजर म्हणून बाइंड करायचा, म्हणजे क्वेरीत न चिकटवता वेगळा द्यायचा.

आता आपल्याकडच्या कोडमध्येच सापडणारी एक गोष्ट. जुना मराठी डेटा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये साठवलेला असतो, आणि त्या फॉन्टमध्ये "श" हे अक्षर एकेरी अवतरणचिन्हानं बनतं. म्हणजे "शिंदे" हे आडनाव किंवा "शाहूपुरी" हा पत्ता टाकला की जोडून बनवलेली क्वेरी मोडते. लिहिणाऱ्यानं त्या काळी कुठेतरी अवतरणचिन्ह बदलणारं एक छोटं फंक्शन लिहिलेलं असतं, आणि ते नाव आणि पत्ता या दोनच रकान्यांना लावलेलं असतं, कारण तक्रार तिथेच आली होती. असं फंक्शन दिसलं की समजा, अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये क्वेरी जोडूनच बनवल्या आहेत. त्या फंक्शनच्या प्रत्येक वापराची यादी करा. आणि ज्या रकान्यांना ते लावलेलं नाही, ते तुमचे पहिले संशयित.

क्रॉस साइट स्क्रिप्टिंग (बाहेरून टाकलेली स्क्रिप्ट आपल्या पानावर चालणं), सीडब्ल्यूई-७९, याचंही मूळ बऱ्याचदा मराठीतच सापडतं. पीएचपी ५.४ च्या आधी एचटीएमएल एंटिटीज हे फंक्शन मजकूर आयएसओ-८८५९-१ मध्ये आहे असं धरून चालायचं. युनिकोड मराठी त्यातून गेली की अक्षरं फुटायची. मग कुणीतरी ते फंक्शनच काढून टाकलं, पान नीट दिसायला लागलं, आणि तेव्हापासून सभासदाच्या नावात लिहिलेली स्क्रिप्ट मॅनेजरच्या रिपोर्टमध्ये चालते. "डेटा तर आपल्याच डेटाबेसमधून येतो" हा युक्तिवाद मान्य करू नका. डेटाबेसमध्ये तो कुणीतरी बाहेरून टाकलेलाच असतो. आज एचटीएमएल स्पेशल चार्स वापरा आणि यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. मराठीला काही होत नाही.

खोट्या नोंदी कशा ओळखायच्या? एमडी५ या जुन्या हॅश फंक्शनचं उदाहरण घ्या (हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची अक्षरमाळा). कॅशे फाइलचं नाव बनवायला एमडी५ वापरलं असेल तर नोंद सोडून द्या. पासवर्ड साठवायला वापरलं असेल तर ती खरी आणि तातडीची. नियम एकच, ओळही सारखीच दिसते. निर्णय वापरावर ठरतो.

दोन जागा अशा आहेत की स्कॅनर समाधानी असतो आणि त्रुटी तशीच राहते. पहिली स्टोअर्ड प्रोसिजर: बाहेरून पॅरामीटर नीट दिलेलं असतं, पण प्रोसिजरच्या आत ते स्ट्रिंगला जोडून एक्झेक केलेलं असतं. म्हणून प्रोसिजरही वाचा आणि तिथे एसपी एक्झिक्यूट एसक्यूएल पॅरामीटरसह वापरा. दुसरी "ऑर्डर बाय": रकान्याचं नाव बाइंड करता येत नाही, म्हणून भलेभले लोक तिथे पुन्हा स्ट्रिंग जोडतात. चालणाऱ्या रकान्यांची यादी कोडमध्ये लिहा आणि त्यातलंच नाव स्वीकारा.

प्रत्येक नोंदीचा निकाल एक्सेलमध्ये लिहा: फाइल, ओळ, सीडब्ल्यूई क्रमांक, माहिती कुठून कुठे, निर्णय, कारण, तपासणाऱ्याचं नाव, तारीख. "खोटी" लिहिलं तर कारण रिकामं सोडू नका. कोडमध्ये "नोसेमग्रेप" किंवा "नोसेक" अशी टिप्पणी टाकून नोंद गप्प करता येते. ती टाकताना नियमाचं नावही लिहा, नाहीतर त्या ओळीवरचे पुढचे सगळे इशारेही गप्प होतात.

पायरी ७: स्कॅनरला दिसत नाही ते

वरचं पासबुकाचं पान दुरुस्त केलं, स्कॅनर शांत झाला. आता एक सभासद लॉगिन करतो आणि पत्त्यातला १०४५ हा आकडा १०४६ करतो. दुसऱ्याचं पासबुक उघडतं. क्वेरी सुरक्षित आहे, इनपुट स्वच्छ आहे, आणि कोडमध्ये एकच प्रश्न विचारलेला नाही: हे खातं या माणसाचं आहे का? या त्रुटीचा क्रमांक सीडब्ल्यूई-६३९. स्कॅनरला संस्थेचे नियम माहीत नसतात, त्यामुळे न लिहिलेली तपासणी त्याला दिसत नाही. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत अधिकार तपासणीतल्या त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत, त्या उगाच नाहीत.

यासाठी एक तक्ता करा. डावीकडे प्रत्येक पानाचं आणि प्रत्येक एपीआयचं नाव, वरच्या ओळीत भूमिका: सभासद, क्लार्क, मॅनेजर, ऑडिटर. प्रत्येक चौकटीत "चालतं" किंवा "चालत नाही" हे संस्थेच्या माणसाला विचारून भरा. मग कोडमध्ये ती तपासणी कुठल्या ओळीवर आहे ते लिहा. ओळ सापडली नाही तर तीच त्रुटी. काम कंटाळवाणं आहे, पण मोठ्या गोष्टी याच तक्त्यातून निघतात.

पीएचपीतला एक जुना सापळा इथेच सापडतो. पानाच्या सुरुवातीला "लॉगिन नसेल तर लॉगिन पानावर पाठव" अशी ओळ असते, पण तिच्या पुढे "एक्झिट" नसतं. ब्राउझर दुसरीकडे जातो, सर्व्हरवरचा कोड मात्र शेवटपर्यंत चालतो; नोंद खोडायची असेल तर खोडतो, रिपोर्ट द्यायचा असेल तर उत्तरात पाठवतो. "हेडर लोकेशन" ग्रेप करा आणि प्रत्येकाच्या पुढची ओळ वाचा.

व्यवहाराचे नियमही तपासा. रक्कम उणे टाकली तर भरणा उलटा होतो का? दूध संकलनात फॅट आणि एसएनएफ वरून निघणारा दर सर्व्हर काढतो, की मोबाइलकडून आलेला दर तसाच साठवतो? ओटीपी उत्तरातच परत येतो का? डे क्लोज झाल्यावर मागच्या तारखेची नोंद बदलता येते का?

मोठ्या प्रकल्पांनाही हे चुकलेलं नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्रुटी मार्च २०१२ मधल्या आवृत्तीतून बाहेर पडली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. त्या वेळच्या प्रचलित स्कॅनरना ती सापडली नव्हती.

अपलोडचा फोल्डर उघडून बघायला विसरू नका. फोटोंच्या जागी पीएचपी फाइल दिसली तर कुणीतरी आधीच आत येऊन गेलं आहे असं धरा. तिला हात लावू नका, खोडू नका. सर्व्हरच्या लॉगची प्रत घ्या आणि ग्राहकाला ताबडतोब कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात.

पायरी ८: बाहेरून आणलेल्या लायब्ररी

पीएचपीला "कंपोजर ऑडिट" (कंपोजर २.४ पासून), नोडला "एनपीएम ऑडिट --ओमिट=डेव्ह", पायथनला "पिप-ऑडिट", डॉट नेटला "डॉटनेट लिस्ट पॅकेज --व्हल्नरेबल --इन्क्लूड-ट्रान्झिटिव्ह". जेएस फोल्डरमध्ये हातानं आणून टाकलेली जुनी जेक्वेरी यातल्या कशालाच दिसत नाही. तिच्यासाठी रिटायर जेएस. "एनपीएम ऑडिट फिक्स" ला "--फोर्स" लावू नका. ते मोठी आवृत्ती बदलून टाकतं आणि चालू स्क्रीन मोडते. जावा असेल तर लॉगफोरजे ही लॉग लिहिणारी लायब्ररी आवर्जून शोधा, दुसऱ्या जार फाइलच्या पोटातही. तिच्यातली डिसेंबर २०२१ मधली सीव्हीई-२०२१-४४२२८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा क्रमांक) ही त्रुटी न बदललेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच पडून असते.

पायरी ९: दुरुस्ती

एका वेळी एका प्रकारची त्रुटी घ्या. सगळ्या एसक्यूएल, मग सगळं एचटीएमएल. प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा कमिट, आणि मार्चअखेरीच्या गर्दीत पतसंस्थेच्या सर्व्हरवर काहीही चढवू नका.

एमडी५ मधले पासवर्ड बदलताना एक ठेच जवळपास ठरलेली आहे. पासवर्ड हॅश या फंक्शनचं बीक्रिप्ट उत्तर ६० अक्षरांचं असतं, आणि जुन्या टेबलमध्ये रकाना ३२ अक्षरांचा असतो. मायएसक्यूएल कडक मोडमध्ये नसेल तर उरलेली अक्षरं मुकाट्यानं छाटतं, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवरचं कुणीच लॉगिन करू शकत नाही. आधी रकाना २५५ चा करा. मग सभासद लॉगिन करेल तेव्हा जुन्या पद्धतीनं पडताळा आणि त्याच क्षणी नवा हॅश साठवा. सगळ्यांना एकदम पासवर्ड बदलायला लावायची गरज पडत नाही.

पायरी १०: रोजच्या कामात बसवा

जुन्या नोंदींसाठी काम अडवलं तर दोन दिवसांत कुणीतरी स्कॅनरच बंद करतं. फक्त नव्या नोंदींवर अडवा: सेमग्रेपला "--बेसलाइन-कमिट" देऊन दुसऱ्या पायरीतल्या कमिटचा क्रमांक लिहा, बँडिटला "-बी" नं जुना अहवाल द्या. गिटलीक्स प्रत्येकाच्या मशीनवर प्री-कमिट हुक (कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी) म्हणून लावा आणि सगळ्यांचा कोड जमा होतो त्या गिटच्या सर्व्हरवरही ठेवा, कारण "--नो-व्हेरिफाय" लिहून हुक चुकवता येतो. गिटहब ॲक्शन्समध्ये चेकआउट पायरी डीफॉल्टनं शेवटचा एकच कमिट आणते. "फेच-डेप्थ" शून्य केल्याशिवाय गिटलीक्सला इतिहास दिसत नाही आणि बेसलाइनचा कमिटही सापडत नाही.

नियमसंच सतत सुधारत असतात, त्यामुळे न बदललेल्या कोडवरही पुढच्या महिन्यात नवी नोंद येऊ शकते. महिन्यातून एकदा पूर्ण स्कॅन लावा. ग्राहकाला नवी आवृत्ती देताना सोबत एक्सेलची प्रत द्या, आणि त्यात उरलेल्या त्रुटी वेगळ्या पानावर लिहा: कुठली, किती गंभीर, कुणाकडे, कुठल्या तारखेपर्यंत. त्या पानावर ग्राहकाची सही घ्या.